व्याह्यांना पसंत पडलेली एकमेव बाग

ज्या वयात माणसे लिहिणे सोडून वाचण्याकडे आणि वाचणे सोडून ऐकण्याकडे वळतात, त्या वयात मी पहिल्यांदाच लिहायला बसले आहे. याबद्दल प्रथम क्षमा मागते. नांदेडच्या महाविद्यालयात मी तर्कशास्त्र शिकवले. फळ्यावर सिद्ध करता येईल तेवढेच बोलावे अशी सवय त्यामुळे जडली, आणि ज्यांच्याविषयी काहीच सिद्ध करता येत नाही अशा माणसांविषयी बोलायचे राहून गेले. त्यात स्वभाव संकोची. घर मागे राहिले हे रिक्षावाल्याला सांगण्याचा धीर न झाल्यामुळे मी कितीदा तरी पुढच्या चौकात उतरून चालत परत आले आहे. अशा बाईने चार लोकांपुढे लेख ठेवणे हे धाडसच म्हणायचे, आणि ते निव्वळ हौसेपोटी केलेले नाही. मला वाचकांना एक साधी गोष्ट विचारायची आहे. समोरासमोर ती माझ्याने विचारवणार नाही, म्हणून हा कागदाचा आडोसा. प्रश्न शेवटी येईल; पण तो कळावा यासाठी आधी माझ्या व्याह्यांविषयी सांगणे भाग आहे.

जगाच्या पाठीवरील एकही बाग माझ्या व्याह्यांना पसंत पडलेली नाही, आणि जगाच्या पाठीवरील बहुतेक बागा त्यांनी पाहिलेल्या आहेत. त्यासाठी त्यांना लातूर सोडावे लागले नाही. माझी मुलगी त्यांच्या घरी दिली त्याला आता बराच काळ लोटला. मुलगी आणि जावई पुण्याला असतात. व्याही आणि विहीणबाई लातुरात, अशा घरात की ज्याच्या उंबऱ्यावरून पाय उचलला की तो थेट रस्त्यावर पडतो. घराला अंगण नाही, गच्चीवर पाण्याच्या टाक्यांखेरीज दुसऱ्या कशाला जागा नाही, आणि खिडकीत तुळशीची एक कुंडी आहे तीही विहीणबाईंच्या अखत्यारीत. मात्र दिवाणासमोर दूरदर्शनचा मोठा संच आहे, आणि त्यावर रोज दुपारी परदेशातली बागांचा कायापालट करणारी मालिका लागते. तिच्यातली गोरी माणसे हिंदीत बोलतात. एका जोडप्याचे ओसाड अंगण दाखवतात, लाल गमबूट घातलेली एक उत्साही बाई कामगारांची पलटण घेऊन येते, जोडप्याला कुठेतरी फिरायला पाठवतात, आणि दोन दिवसांत त्या अंगणाचे असे काही करून ठेवतात की परत आल्यावर डोळ्यांवरची पट्टी सुटताच ती माणसे तोंडावर हात ठेवून रडू लागतात. हे सगळे व्याही दिवाणावर मांडी घालून, खांद्यावर टॉवेल टाकून, एकही भाग न चुकवता पाहतात आणि एकाही बागेला बरे म्हणत नाहीत. बांधावर उभे राहून दुसऱ्याच्या पिकाकडे पाहावे, तसे ते पाहतात. बांधावरच्या माणसाने पिकाला नाव ठेवायचे असते. शाबासकी द्यायची ती मालकाने स्वतःला द्यावी.

त्यांचे आक्षेप मात्र मोघम नसतात. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरे गोटे अंथरण्याची त्या लाल गमबूटवाल्या बाईला फार आवड आहे. पहिल्यांदा ते दृश्य माझ्यादेखत लागले तेव्हा व्याही दिवाणावरून अर्धे उठले. "बगा ईनबाई, बगा! दगडं येचू येचू आमच्या बापाची कंबर गेली. अन् हे पैशे देऊन दगडं टाकून घ्यायलेत!" त्यांच्याकडे विहिणीला ईनबाई म्हणतात, आणि मी समोर असले की प्रत्येक आक्षेप ते माझ्यामार्फत नोंदवतात, जणू मी त्या वाहिनीची वकील आहे. हिरवळीविषयी त्यांचे म्हणणे असे की गवत हे खाण्यासाठी असते. जनावर नसलेल्या घरी गवत लावायचे, त्याला पाणी पाजायचे, मग ते कापायचे आणि कापलेले फेकून द्यायचे, हा प्रकार त्यांना अन्नाच्या अपमानाच्या जवळ जाणारा वाटतो. ट्रकमधून उभीच्या उभी, फुललेली झाडे उतरू लागली की ते म्हणतात, "लेकरू दत्तक घ्यायचं ते मिशा फुटलेलं! ह्यात ह्यांनी काय वाढवलं?" बागेत खुर्च्या मांडल्या की त्यांच्या चेहऱ्यावर कीव येते. "रानात खुर्ची. ज्याला भुईवर बसाय येत न्हाई, त्यानं रानात जाऊच नाय."

कारंज्याची गोष्ट जरा वेगळी आहे. लातूरकरांना नळाचे महत्त्व सांगायला नको. तिथे पाणी कधी येणार याची चौकशी ख्यालीखुशालीच्या आधी होते. एका दुपारी कुठल्याशा बागेत तीन मजली कारंजे सुरू झाले. व्याही उठले, आत गेले आणि मोरीतला नळ घट्ट पिळून परत आले.

"बंदच हाय की वो तो," विहीणबाई म्हणाल्या. "पाणी तर परवा येणार हाय."

"असू दे. वाहायल्यावानी आवाज यायलाय."

त्यांनी नाव न ठेवलेली एकच वस्तू मला आठवते. एका बागेच्या कोपऱ्यात ओळीने पाच ठेंगणे, दाढीवाले मातीचे पुतळे बसवले होते. व्याह्यांनी हात जोडले. "पांडव बसवलेत. बरं केलं. तोंडं वंगाळ काढलीत, पण बसवलेत." तिकडे ती निव्वळ शोभेची वस्तू असते, हे सांगावे असे माझ्या मनात आले होते, पण जोडलेल्या हातांपुढे मी कधी युक्तिवाद करीत नाही.

पण त्यांचा खरा सिद्धान्त रडण्याविषयी आहे. डोळ्यांवरची पट्टी सुटते, मालक-मालकीण हुंदके देतात, पाठीमागे संगीत वाजते. आपण सगळे ते आनंदाश्रू आहेत असे धरून चालतो. व्याही तसे धरीत नाहीत. "रडणारच की," ते शांतपणे म्हणतात. "दोन दिस गावाला गेले अन् आपलं रान आपल्याला वळखू येईना. माणूस रडंल न्हाई तर काय करंल?" मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवले की एकाच वस्तुस्थितीचे दोन खुलासे संभवत असतील तर त्यांतला एक केवळ रूढ आहे म्हणून स्वीकारू नये. त्यामुळे मला मान डोलवावी लागली. तेव्हापासून मी ती मालिका पाहिली की त्या रडणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांकडे बारकाईने पाहते, आणि खरे सांगायचे तर निर्णय करता येत नाही.

शेवटी पडद्याचे दोन भाग होतात. डावीकडे आधीचे अंगण, उजवीकडे नंतरचे. व्याही डावीकडे बोट दाखवून निकाल देतात, "आधीचंच बरं होतं." हा निकाल बागांपुरता राहिलेला नाही. मुलीने त्यांच्या स्वयंपाकघराला नवा ओटा करून दिला तेव्हा तो झाला, लातूरच्या बसस्थानकाला रंग दिला तेव्हा झाला, आणि एका लग्नात नटवलेल्या वधूला आशीर्वाद देऊन खाली उतरल्यावर तो वधूपित्याच्या तोंडावर झाला: "सकाळी हळदीत चांगली दिसत होती पोरगी." विहीणबाईंनी त्यांना दंडाला धरून पंगतीकडे नेले. "ह्यांच्याकडं ध्यान देऊ नगा," त्या जाता जाता म्हणाल्या. "मलाबी लग्नाच्या आदलीच बरी म्हणतेत."

हा माणूस असा का, हे कळायला मला काही वर्षे लागली. आणि ते ज्यामुळे कळले ती गोष्ट नांदेडच्या वाचकांना थोडी समजावून सांगितली पाहिजे. लातूर भागात मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे वेळा अमावास्या, बोलीत येळवस. त्या दिवशी सगळे शहर शेतात जाते. दुकाने बंद, रस्ते मोकळे. संचारबंदी लागली असावी असे परक्याला वाटेल. शेतात ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून, वर शेंडे बांधून, माणूस वाकून आत जाईल एवढी एक खोप करतात. खोपीत पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात, ते पांडव. त्यांची पूजा करायची, मडक्यातली ताकाची आंबील पिकावर शिंपडीत शेताभोवती फिरायचे, एक आरोळी ठोकायची जिचा अर्थ मला आजतागायत कुणीही सांगू शकलेले नाही, आणि मग भुईवर बसून हिरव्या दाण्यांची मिसळभाजी, जिला भज्जी म्हणतात, बाजरीचे वाफवलेले उंडे, भाकरी आणि खीर असे जेवायचे की उठताना दुसऱ्याचा हात लागावा. यातला मुख्य भाग मात्र बोलावण्याचा. ज्याला शेत आहे त्याने ज्याला नाही त्याला बोलवायचे. ओळख असलीच पाहिजे असे नाही. रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात.

व्याह्यांचे शेत औशाच्या अलीकडे, रस्त्याला लागून होते. मुलीच्या लग्नानंतर पहिल्या येळवशीला मी तिथे गेले, आणि जे पाहिले ते विसरणे शक्य नाही. पुढे दिवाणावर बसून जगाला नावे ठेवणारा हा माणूस त्या दिवशी कुणालाच नाव ठेवीत नव्हता. बांधावर उभे राहून तो येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारीत होता. "या की! कुटं निघालाव उपाशी? बसा! ह्या मास्तराला खीर वाढा!" जावयाचे मित्र, शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे, पंक्चर झालेल्या जीपमधली अनोळखी मंडळी, सगळी भुईवर बसली होती. माझ्यासारखी बाई, जी स्वतःच्या घरी चारच पाहुणे आले तरी स्वयंपाकघरात लपते, तीही दुपार होईपर्यंत कुणाच्या तरी ताटात उंडे वाढीत होती.

पुढे ते शेत विकले गेले. त्यात कुणाचा दोष नव्हता. तिन्ही धाकट्या भावांना विकायचे होते, आणि थोरल्याने अडवून धरले असे म्हणवून घेणे व्याह्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते. सही करून आले आणि जेवायला बसले. आता तिथे प्लॉट पाडले आहेत. रस्त्याच्या कडेला मोठा फलक आहे, त्यावर हिरवळ, कारंजे आणि सोनेरी केसांची दोन मुले आहेत. औशाकडे जाताना व्याही बसमध्ये नेहमी उलट्या बाजूच्या खिडकीशी बसतात. बागांची मालिका त्यांनी पाहायला सुरुवात केली ती त्याच सुमारास.

पहिल्या वर्षी येळवशीला त्यांना अनेकांनी बोलावले. ते एकाकडेही गेले नाहीत. विहीणबाईंनी मला फोनवर सांगितले, "आख्खं लातूर रानात, अन् आमी दोगं टीव्हीपुढं. मी म्हणलं, चला की कुणाकडं तरी. तर म्हणतेत, मी बोलवणारा माणूस हाव, पाव्हणा म्हणून न्हाई जाणार. भज्जी केली, तर तीबी खाल्ली न्हाई. टीव्हीतल्या बाईला शिव्या देत बसले दिसभर." दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. पुढे लोकांनी बोलावणे थांबवले, आणि मला वाटते व्याह्यांच्या मनाला ते अधिक लागले.

याच सुमारास मी निवृत्त झाले, आणि मुलीने व जावयाने मला भेट म्हणून माझे नांदेडचे मागचे अंगण सुधारून द्यायचे ठरवले. हे अंगण म्हणजे घर बांधल्यापासून उरलेली मोकळी जमीन. कुंपणाच्या भिंतीपर्यंत आघाड्या-तरोट्याचे तण, एक कढीपत्ता, कुणीतरी टाकलेल्या बियांतून उगवलेले एक सीताफळ, आणि उन्हाळ्यात तळहात आत जाईल अशा भेगा. मला त्याची लाज वाटे, म्हणून मी मागचे दार सहसा उघडत नसे. बागेचे काम घेणारी तरुण मुलगी अतिशय गोड होती. तिने मला टॅबवर दोन चित्रे दाखवली: आधीचे आणि नंतरचे. नंतरच्या चित्रात हिरवळ होती, पांढरे गोटे होते आणि कोपऱ्यात पाणी पडत होते. नमुना म्हणून तिने गोट्यांची एक पिशवीही ठेवून दिली. मी म्हणाले, "छान आहे." कुणी काही दाखवले की मी हेच म्हणते.

माझ्या मुलीला मात्र कुणा जाणत्याचा सल्ला हवा होता, आणि तिच्या दृष्टीने बागांच्या बाबतीत सासऱ्यांइतके पाहिलेले दुसरे कुणीच नव्हते. तेव्हा व्याही आणि विहीणबाई एसटीने अहमदपूर, लोहा करीत नांदेडला येऊन दाखल झाले. चहा झाला. बागेचे काम घेणारी ती मुलगी टॅब घेऊन आली. व्याह्यांनी पडद्यावरून बोट एकदा पुढे आणि एकदा मागे सरकवले.

"लई चांगलं हाय," ते म्हणाले.

मी हातातली बशी खाली ठेवली. टॅबवाली मुलगी खूश झाली. मग तिने वाकून पाहिले आणि ती अवघडली. "काका, ते आधीचं आहे. नंतरचं बघायला बोट असं सरकवा."

"सरकवलं की. बगूनच माघारी आलोय."

मग त्यांनी चपला काढल्या आणि मागचे दार उघडायला लावले. ओसाड अंगणात ते अनवाणी फिरले. वाकून एक ढेकूळ उचलले, मुठीत चुरडले, वास घेतला. मी दारातच उभी होते. परीक्षेचा निकाल ऐकायला उभे राहावे तशी.

"काळीभोर हाय की वो, ईनबाई. कुणी हात न्हाई लावला?"

"नाही. मला कधी जमले नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि पुन्हा एक फेरी मारून आले. ते ढेकूळ त्यांनी बराच वेळ टाकले नाही.

संध्याकाळी ओसरीत बसलो असताना ते भिंतीकडे पाहून म्हणाले, "नांदेडात येळवस करत न्हाईत म्हणं."

"इकडे फारसे कुणी करीत नाही."

"चुकीचं हाय." मग त्यांनी मान मागच्या दाराकडे वळवली. "रान लागतंय त्याला. लई न्हाई. खोपीपुरतं."

"किती लागते?"

त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले, आणि लगेच आवरून घेतले.

"मागचं अंगण मागायलेत ते," विहीणबाई गव्हातले खडे काढता काढता म्हणाल्या. "तोंड उचकटंना. सरळ इचारा की वो! ईनबाई काय खातेत का तुमाला?"

"मी कुटं काय मागायलोय? उगं आपली माहिती सांगायलोय."

अंगण घ्या असे म्हणायला माझी काहीच हरकत नव्हती. पण माझ्या लक्षात आले की मी त्यांना बोलावले तर ते पाहुणे होतील, आणि पाहुणे म्हणून ते कुठेच जात नाहीत. प्रतिज्ञा पक्की होती. तिला वळसा घालणे एवढेच शक्य होते. तर्कशास्त्राचा प्रत्यक्ष आयुष्यात मला एवढा एकच उपयोग झाला. मी म्हणाले, "दादा, मला येळवस करता येत नाही. तुम्ही आमच्याकडे येऊ नका. त्या दिवशी तुम्हीच मला तुमच्या रानात बोलवा."

ते माझ्याकडे पाहत राहिले.  मग औशाच्या बांधावरचा तो जुना आवाज माझ्या ओसरीत निघाला.

"या की! सगळ्यांना घेऊन या. लवकर या पण; दुपारच्याला आंबील आंबट होती."

बागेचे काम त्याच आठवड्यात सुरू व्हायचे होते. मी त्या मुलीला फोन करून काम पुढे ढकलायला सांगितले. काय बोलायचे ते आधी कागदावर लिहून घेतले होते. अमावास्येच्या आदल्या दिवशी विहीणबाई एसटीने आल्या आणि व्याही औशाहून भाजी घेऊन निघालेल्या टेम्पोत, कडब्याच्या पेंढ्यांना मिठी मारून. "नवरा माझा का कडब्याचा, तेच कळंना झालंय," विहीणबाई म्हणाल्या. आल्या आल्या व्याही आमच्या वसाहतीत घरोघरी गेले. माझ्या ज्या शेजाऱ्यांशी मानेने नमस्कार करण्यापलीकडे माझा संबंध नव्हता, त्यांच्या दारात उभे राहून त्यांनी सांगितले, "उद्या आमच्या रानात जेवाय या."

"रान कुठे आहे आपलं?"

"ह्या ईनबाईंच्या मागल्या दारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खोप उभी राहिली. विहीणबाईंनी खोपीवर आपली शाल पांघरली. चुना आणायला मी निघाले तर व्याह्यांनी थांबवले. त्यांनी कोपऱ्यातली नमुन्याच्या गोट्यांची पिशवी उघडली, पाच गोटे निवडले आणि खोपीत मांडले. "रंगवायचं काम वाचलं," ते म्हणाले. "कशाला तरी कामाला आलं हे." पूजा झाली. मग आंबिलीचे मडके घेऊन ते भिंतीकडेने निघाले. शिंपडायला पीक नव्हते. सीताफळावर शिंपडले, कढीपत्त्यावर शिंपडले, आघाड्यावर शिंपडले, थोडे शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवरही गेले, आणि त्यांनी ती आरोळी ठोकली. नांदेडच्या आमच्या त्या सुशिक्षित वसाहतीत असा आवाज पूर्वी कधी झाला नसावा. दोन खिडक्या उघडल्या. एक कुत्रे पळाले.

आणि कुठूनतरी उत्तर आले. तीन घरांपलीकडच्या गच्चीवर एक बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढीत उभ्या होत्या. त्यांनी हातातले कपडे तसेच कठड्यावर टाकले होते आणि दोन्ही हात तोंडाशी धरून त्या त्याच आरोळीचा दुसरा अर्धा भाग ओरडत होत्या. थोड्या वेळाने त्या डब्यात असेल ते घेऊन, अनवाणीच मागच्या फाटकातून आल्या.

"कुण्या गावच्या तुमी?" व्याह्यांनी विचारले.

"उदगीर. लग्न होऊन इकडं आले तवापासून ऐकलं नव्हतं बघा."

"तरीच. बसा. ईनबाई, ह्यांना खीर वाढा."

लोक संकोचत आले आणि मग उठेचनात. पलीकडचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांच्या चादरीवर आंबील पडली होती, त्यांनी भज्जी तीनदा मागून घेतली. ती बागेवाली मुलगीही आली होती; तिला व्याह्यांनी स्वतः जाऊन बोलावले होते. जेवण झाल्यावर तिने मागच्या दारातून फोनवर एक छायाचित्र काढले. खोप, तिच्यावरची शाल, आघाड्यात बसलेली माणसे. मग जुने चित्र काढून दोन्ही त्यांच्यापुढे धरली. व्याह्यांनी बोट एकदा मागे सरकवले, एकदा पुढे आणले, आणि पुढचेच बघत राहिले.

"हेबी बरं हाय," ते म्हणाले.

विहीणबाईंनी आभाळाकडे पाहिले. "आज पाऊस पडणार."

त्याला आता काही येळवशी उलटल्या. माझे अंगण सुधारलेले नाही. त्या मुलीचा अधूनमधून फोन येतो, मी नंतर बघू म्हणते, आणि ती हसते. कारण तीही दरवर्षी जेवायला येते. मधल्या उन्हाळ्यात व्याही मोरीत घसरून पडले. हाड जुळले, पण आता ते वॉकर धरून चालतात. विहीणबाई सांगतात की मालिका अजून रोज लागते, पण आता ते त्या लाल गमबूटवाल्या बाईला काही बोलत नाहीत. कारंजे सुरू झाले तरी उठत नाहीत. "नुस्तं बगत बसतेत," त्या म्हणाल्या. "काल तर 'बरं केलं' म्हणले. मला काय गोड लागलं न्हाई बघा."

परवा त्यांचा स्वतःचा फोन आला. "ईनबाई, रान तसंच हाय ना?"

"तसेच आहे, दादा."

"कुणी हात न्हाई लावला?"

"नाही."

"यंदा मला वाकाय येणार न्हाई. खोप तुमाला बांधावी लागंल. मी बसून सांगतो कशी ते. कडबा तेवडा आधी बगून ठिवा. बुटका नगो, मोडका नगो."   मग हळू आवाजात म्हणाले, "अन् एक खुर्ची ठिवा."

खुर्ची मी काढून, धुऊन ठेवली आहे. खोप बांधायला गच्चीवरच्या उदगीरच्या बाई येतो म्हणाल्या आहेत. अडले आहे ते कडब्यापाशी. चाऱ्याच्या दुकानांत धीर करून विचारले. सगळीकडे यंत्रावर बारीक केलेली कुट्टी मिळते, आणि कुट्टीची खोप होत नाही. व्याह्यांना औशाहून टेम्पोत बसून येणे आता शक्य नाही, आणि त्यांच्या रानात जेवायला येणाऱ्यांना मी काय सांगू? लेखाच्या आरंभी ज्याचा उल्लेख केला तो प्रश्न हा. नांदेडच्या आसपास, उमरीकडे, लोह्याकडे किंवा आणखी कुठेही, ज्वारीच्या उंच, कुट्टी न केलेल्या कडब्याच्या पाच पेंढ्या कुठे मिळतील, हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक आहे का?